सल्ले पुरे, कोणीतरी तासभर येऊन बसा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांमध्ये एका काकांचं पत्र आलं होतं. हल्लीची लहान मुलं चारचौघात लोळण घेतात, आईवडिलांवर हात उचलतात, वस्तू फेकतात, आणि याचं कारण एकच, आईबापांना वेळ नाही आणि पोरांना धाक नाही, वेळेवर दोन फटके दिले की पोरगं सुतासारखं सरळ होतं, असा एकंदर सूर होता. (वय त्यांनी स्वतःच लिहिलंय म्हणून काका म्हणतोय, राग मानू नये.) त्यांच्यावर चिडून हे लिहीत नाहीये, कारण असं म्हणणारे ते एकटे थोडीच आहेत, आमच्या ओळखीतली निम्मी माणसं हेच म्हणतात, फक्त आम्ही निघून गेल्यावर म्हणतात.

आमच्या घरात असा एक मुलगा आहे. आता दुसरीत आहे. तीन वर्षांचा व्हायच्या आधीपासून राग आला की चावणं, डोकं आपटून घेणं, हाताला लागेल ते फेकणं, धाकट्या बहिणीला ढकलणं, आणि हे पाच मिनिटांत आटपायचं नाही, कधीकधी तासभर चालायचं, आणि मग एकदम बंद पडल्यासारखा शांत होऊन आमच्याच मांडीवर झोपून जायचा. हट्ट काय असतो ते आम्हाला कळतं हो, धाकटी रोज करते. तिला हवं ते मिळालं किंवा लक्ष दुसरीकडे गेलं की विषय संपला. ह्याला हवी ती वस्तू हातात दिली तरी थांबत नाही, कारण तोपर्यंत आपल्याला काय हवं होतं हे तो स्वतःच विसरलेला असतो.

आता कोणी म्हणेल लहान मुलं मारतातच, त्यात काय एवढं. बरोबर आहे, मारतातच. रिचर्ड ट्रेम्बले म्हणून कॅनडातले संशोधक आहेत, त्यांनी वर्षानुवर्षं मुलांच्या मागे राहून नोंदी ठेवल्या आणि दाखवलं की माणूस आयुष्यात सगळ्यात जास्त हाणामारी कधी करतो तर साधारण दोन ते चार वर्षांचा असताना. म्हणजे मारायला मुलांना कोणी शिकवावं लागत नाही, शिकावं लागतं ते न मारणं, आणि बोलता यायला लागलं, थोडं थांबता यायला लागलं की बहुतेक मुलं ते शिकतात. काही थोडी मुलं मागे राहतात. म्हणून तज्ज्ञ मंडळी एका दिवसाचा तमाशा बघून काही ठरवत नाहीत, किती महिने चाललंय, किती वेळा होतंय, आणि कुणाकुणाशी होतंय हे बघतात. ओडीडी म्हणून जे निदान आहे, सतत विरोध, सतत चिडणं, मुद्दाम उलट वागणं, त्यात किमान ६ महिने, पाच वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत बहुतेक रोज, आणि नुसतं भावंडांशी नाही तर घरातल्या-बाहेरच्या आणखी कुणाशी तरी, असं असावं लागतं. आणि दरवेळी ओडीडीच असतं असंही नाही, मागे एडीएचडी (लक्ष न टिकणं, सतत चुळबूळ) असू शकतं, ऑटिझम (लोकांशी बोलणं-मिसळणं जन्मापासूनच वेगळं असणं) असू शकतो, बोलणं उशिरा येत असेल, भीती असेल.

काकांच्या फटक्यांबद्दल एकदाच बोलतो आणि पुढे जातो. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या दोघांनी २०१६ मध्ये मुलांना मारण्यावरचं सुमारे ५० वर्षांचं संशोधन एकत्र करून तपासलं, त्यात १ लाख ६० हजारांहून जास्त मुलांची माहिती होती. मारल्याने मूल पुढे जास्त ऐकायला लागतं असं काही त्यात दिसलं नाही, उलट ज्यांना मार बसतो त्यांच्यात मारकुटेपणा जास्त दिसला. आणि ज्या मुलाचा मूळ प्रश्नच मारण्याचा आहे त्याला मारून शिकवायचं ही कल्पना मला तरी झेपत नाही.

मुख्य मुद्दा वेगळा आहे. आमच्या घरात जे काही झालं त्याचा हिशोब लोकांनी बायकोकडे मागितला. मी बाप आहे, तेवढाच घरात असतो, पण आजतागायत मला कोणी विचारलं नाही की तू लाडावून ठेवलंस का म्हणून. तिला नातेवाइकांनी विचारलं, शाळेत विचारलं, एका दवाखान्यात तर मी शेजारी बसलेलो असताना तिलाच विचारलं, तुम्ही नोकरी करता का. हे आजचं नाहीये. १९४०-५० च्या काळात मोठेमोठे डॉक्टर सांगत होते की मुलाला ऑटिझम होतो कारण आई थंड असते, तिला माया नसते, आणि तेव्हाच्या आयांनी ते ऐकून घेतलं, काय करणार. ते खोडून काढायला बर्नार्ड रिमलँड नावाचा अमेरिकेतला मानसशास्त्रज्ञ पुढे आला, त्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता, त्याने १९६४ मध्ये मुद्देसूद मांडलं की याचं मूळ शरीरात, मेंदूत आहे, आईच्या मायेत नाही. आणि तो तिथेच थांबला नाही, दुसऱ्याच वर्षी बाकीच्या पालकांना गोळा करून संघटना काढली. त्याच सुमाराला न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस हे नवराबायको डॉक्टर १९५६ पासून बाळांचा अभ्यास करत होते, त्यांना दिसलं की साधारण १० टक्के बाळं जन्मापासूनच अवघड स्वभावाची असतात, झोपेला-भुकेला वेळ नाही, नवीन काही आलं की नको, रडायला लागली की पूर्ण ताकदीने. आईबाप तेच, घर तेच, पहिलं मूल शांत आणि दुसरं असं. स्टेला चेस बाईंनी तर तेव्हाच उघड लिहिलं होतं की प्रत्येक गोष्टीचं खापर आईवर फोडणं बंद करा. साठ वर्षं झाली त्याला!

पण मग वागण्यात काही बदलता येतच नाही का, तर येतं, आणि गंमत इथेच आहे. लहान वयाच्या मुलांसाठी जी पद्धत सगळ्यात जास्त तपासलेली आहे ती म्हणजे आईबापांचं ट्रेनिंग. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने एडीएचडीसाठी २०१९ मध्ये ज्या सूचना काढल्या त्यात चार-पाच वर्षांच्या मुलासाठी आधी औषध नाही सांगितलंय, आधी पालकांना वागणूक हाताळायचं ट्रेनिंग द्या म्हटलंय. लोक याचा अर्थ लगेच काढतात की बघा, म्हणजे चूक पालकांचीच. अहो नाही. मुलगा आठवड्यातून एक तास थेरपिस्टकडे असतो आणि बाकीचे सगळे तास आपल्याकडे, म्हणून उपचार आपल्या हातून द्यायचा एवढाच त्याचा अर्थ. पण मग ज्याच्या हातून द्यायचा तो माणूसच रात्रभर झोपलेला नसेल, नोकरी जाईल की राहील या टेन्शनमध्ये असेल, नातेवाइकांकडे जाणं बंद झालेलं असेल तर कसं व्हायचं? लोकांना वाटतं पालकांना आधार देणं म्हणजे धीराचे चार शब्द बोलणं. तसं नाहीये, आधार हा उपचाराचाच भाग आहे, आधार नसेल तर उपचार चालतच नाही.

ट्रेनिंगमध्ये काय असतं ते थोडं सांगतो कारण बऱ्याच जणांना वाटतं की काउन्सेलर बाई गोड बोलायला शिकवतात. जेराल्ड पॅटरसन म्हणून ओरेगॉनमधले एक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांच्या टीमने लोकांच्या घरात जाऊन, कोपऱ्यात बसून, कोण काय बोललं आणि त्यानंतर काय झालं हे बारकाईने टिपलं. त्यांना दिसलं ते असं. आई म्हणते खेळणी उचल, मुलगा किंचाळतो, आई जोरात म्हणते, मुलगा वस्तू फेकतो, आई दमून म्हणते राहू दे बाबा. मुलगा गप्प. मुलगा काय शिकला, फेकलं की काम टळतं. आई काय शिकली, सोडून दिलं की शांतता मिळते. दुसऱ्या दिवशी उलटं, बाप येऊन छप्पर उडेल असा ओरडतो, मुलगा दचकून थांबतो, आणि बाप शिकतो की ओरडलं की काम होतं, मग रोज थोडं जास्त ओरडावं लागतं. दोघेही एकमेकांना ट्रेन करत असतात आणि दोघांनाही पत्ता नसतो. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार हलकं वाटलं, कारण यात कोणीच नालायक नाही, नुसतं एक चक्र आहे आणि चक्र कुठूनतरी तोडता येतं.

शीला आयबर्ग यांनी १९७० च्या दशकात जी पद्धत बसवली, पीसीआयटी म्हणतात, साधारण दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी, त्यात तर पालक मुलासोबत खोलीत खेळत असतो, थेरपिस्ट काचेपलीकडून बघतो आणि पालकाच्या कानातल्या यंत्रातून हळूच सांगत राहतो, आता हे बोला, आता गप्प बसा. आम्हाला काचेची खोली वगैरे मिळाली नाही पण त्यातला पहिला भाग घरी करायला शिकवला, रोज पाच मिनिटं खेळ, मुलगा सांगेल तो खेळ, आणि त्या पाच मिनिटांत प्रश्न विचारायचा नाही, हुकूम सोडायचा नाही, चूक काढायची नाही. ऐकायला किती सोपं वाटतं! तो ठोकळ्यांचा मनोरा लावतोय, मी शेजारी जमिनीवर, आणि माझ्या तोंडात येतं, "हा कुठला रंग आहे?" लगेच गिळायचं, प्रश्न झाला तो. "मोठा ठोकळा खाली ठेव ना", गिळायचं, हुकूम झाला. मग उरतं काय, तर जे दिसतंय तेच बोलायचं, "तू लाल ठोकळा वर ठेवलास. किती हळू ठेवलास, पडू दिला नाहीस." सुरुवातीला मला क्रिकेटची कॉमेंट्री केल्यासारखं वाटायचं आणि तो पण वळून बघायचा की यांना झालंय तरी काय. पण आपण दिवसभरात मुलाशी जे काही बोलतो त्यात हुकूम आणि प्रश्न सोडून किती कमी उरतं ते तिथे कळलं. आणि दिवसभर शिव्या खाणाऱ्या पोराला ती पाच मिनिटं फार लागतात, मनोरा पडला की पूर्वी ठोकळे भिरकवायचा, एकदा पडला तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाला, बाबा हळू ठेवायला पाहिजे होता. दुसरा भाग नंतर येतो, एका वेळी एकच सूचना, साध्या शब्दात, आणि नाही ऐकलं तर जे ठरलंय तेच होणार, ओरडा नाही, भाषण नाही.

याच्याही आधी एक गोष्ट करायला हवी आणि ती बरेचदा राहून जाते, ती म्हणजे मुलाचं शरीर तपासून घेणं. कानाच्या पडद्यामागे पाणी साचून राहिलं की मुलाला अर्धवट ऐकू येतं आणि आपण म्हणतो ऐकत नाही. टॉन्सिल, अ‍ॅडेनॉइड (नाकामागची गाठ) वाढून रात्री घोरणाऱ्या मुलाची झोप पुरी होत नाही, मोठा माणूस अशा वेळी पेंगतो पण लहान मूल उलट जास्त उड्या मारतं, जास्त चिडतं. लोह कमी असेल, पोट साफ होत नसेल आणि दुखत असेल, दात दुखत असेल, आणि सांगता येत नसेल तर ते वागण्यातून बाहेर येतं. बोलायला उशीर असेल तर स्पीच थेरपिस्टकडे आधी जा. हे सगळं करूनही प्रश्न उरू शकतो, आमचा उरला, पण निदान नसत्या गोष्टीशी भांडण होत नाही.

काउन्सेलरने एक वही ठेवायला सांगितली होती. आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर आम्ही काय केलं, एवढंच लिहायचं, "मुद्दाम केलं" वगैरे आपलं मत लिहायचं नाही. मला आधी कंटाळा आला होता पण बायकोने नेटाने लिहिलं, आणि काही दिवसांनी वाचायला घेतली तर दिसलं की सकाळची बरीचशी भांडणं मोजे घालताना सुरू होतायत. शाळेमुळे नाही, अभ्यासामुळे नाही, मोज्याच्या टोकाला जी शिवण असते ना, ती त्याला बोटांना टोचते, आणि ते त्याला सांगता येत नव्हतं. मोजे उलटे करून घालायला लागलो. सगळं सुटलं असं अजिबात नाही, पण सकाळचं एक भांडण गेलं, आणि सकाळ बरी गेली की दिवस थोडा तरी हातात राहतो.

आता जिथे सगळ्यात जास्त आधार लागतो ती जागा सांगतो, कारण बहुतेक पालक तिथेच ट्रेनिंग सोडतात. ज्या ओरडण्याला तुम्ही आतापर्यंत दाद देत होता त्याला द्यायचं बंद केलं की ते लगेच कमी होत नाही, कित्येकदा आधी वाढतं. मुलाच्या बाजूने बघा, रोज चालणारी युक्ती आज चालली नाही, तर तो आधी ती दुप्पट जोरात करून बघणार. हे तज्ज्ञांना पक्कं माहीत असतं, पण घरात जेव्हा ते होतं तेव्हा वाटतं की आपण पोराला आणखी बिघडवलं, शेजारी बेल वाजवतात, सासरे-सासू म्हणतात देऊन टाक ना एकदाचं, आणि तिथे एकदा दिलं की मूल शिकतं की दुप्पट जोर लावला की मिळतं. त्या दिवसांत आम्हाला कुणाच्या सल्ल्याचा उपयोग नव्हता. आम्हाला उपयोग झाला तो वरच्या मजल्यावरच्या एका काकूंचा. त्या रिटायर झालेल्या आहेत, त्यांनी कधी विचारलं नाही की काय झालंय, डॉक्टर काय म्हणाले, औषध का देत नाही. आवाज सुरू झाला की खाली यायच्या, दारातूनच धाकटीला हाक मारायच्या, तिला घेऊन वर जायच्या आणि शांत झालं की आणून सोडायच्या. बस, एवढंच. पण त्यामुळे एक मूल सुरक्षित आहे ही काळजी डोक्यातून जायची, आणि दुसऱ्यापाशी आम्ही न चिडता बसू शकायचो. धाकटीबद्दल कोणी बोलतच नाही तसंही, अशा घरातलं दुसरं मूल फार लवकर शहाणं होतं आणि त्याचं कौतुक करून लोक मोकळे होतात, पण तिला पण आईबाप लागतात ना.

म्हणून ज्यांना मदत करायची खरंच इच्छा आहे त्यांनी "काही लागलं तर सांगा" असं म्हणू नये. दमलेल्या माणसाला काय लागतंय ते पण सुचत नाही. शनिवारी चार ते पाच मी येतो, तुम्ही दोघं बाहेर पडा, असं म्हणा. आणि पालकांनी पण, कोणी विचारलं तर नको नको म्हणायचं नाही, उत्तर तयार ठेवायचं. आम्ही आता ठेवतो. भावाला सांगितलं, तू पोराला दर रविवारी सायकलवर ने, वागणुकीबद्दल त्याला एक शब्द बोलू नकोस. मित्राला सांगितलं, रात्री फोन केला तर उचल, उपाय सांगू नकोस, ऐक नुसतं. ज्यांना हे पण जमत नाही त्यांच्याशी आम्ही संबंध थोडे कमी केले, वाईटपणा आला, चालायचंच.

शाळेबद्दल लिहू की नको असा विचार करत होतो. आधीची एक शाळा होती, तिथून फोन यायचा, घेऊन जा, आजच्या आज. आम्ही पळत जायचो. आता विचार करा, ज्या मुलाला वर्ग नको आहे त्याने डबा फेकला आणि अर्ध्या तासात त्याला घरी न्यायला बाबा हजर, तर तो उद्या काय करेल? शाळेने नकळत त्याला पॅटरसन साहेबांचं ते चक्रच शिकवलं. आताच्या शाळेतल्या वर्गशिक्षिका बाईंनी वेगळं केलं, एक छोटं कार्ड, त्यावर दोन-तीनच गोष्टी, हात स्वतःजवळ ठेवले का, राग आला तेव्हा सांगितलं का, प्रत्येक तासाला खूण, आणि कार्ड रोज घरी. चांगल्या खुणांवर घरी काहीतरी छोटं मिळतं, जास्त वेळ गोष्ट वगैरे. वाईट खुणेवर घरी परत शिक्षा नाही, ते शाळेत झालं शाळेत संपलं. बाईंच्या वर्गात बाकीची पण मुलं आहेत, त्यांच्या पालकांच्या तक्रारी त्यांना ऐकाव्या लागतात हे मला माहितीय, आणि ज्या मुलाला आमच्या मुलाने मारलं त्याच्या आईचा राग पण मला कळतो. तिने आम्हाला सुनावलं तर ऐकून घेतो. फक्त शाळेच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर पोराचं नाव घेऊन लिहू नका एवढीच विनंती, सात-आठ वर्षांचं मूल आहे ते.

बाकी पालकांचे गट असतात, काही दवाखान्यांतून, काही थेरपी सेंटरमधून, काही नुसते फोनवरचे. मी आधी गेलो नव्हतो, मला वाटायचं रडारड असेल. बायको ओढून घेऊन गेली. तिथे एका बाईंनी सांगितलं की त्यांच्या मुलाने त्यांचा चष्मा खिडकीबाहेर फेकला आणि वर विचारलं आई तुला आता दिसतंय का, आणि सगळे हसले, त्या स्वतः सगळ्यात जास्त हसल्या. असल्या गोष्टीवर दुसरीकडे कुठे हसता येणार? पण गट निवडताना जरा बघून. जिथे कोणीतरी लगेच पावडर, थेंब, महागडं मशीन विकायला लागतं, किंवा तीन आठवड्यात मूल नॉर्मल अशी गॅरंटी देतं तिथून सरळ बाहेर पडायचं. जिथे नवीन आलेल्या पालकाला आधी बोलू देतात तो गट बरा.

आणि आईबापांच्या स्वतःच्या डोक्याचं काय, हे तर कोणी विचारतच नाही. मर्ना वाइसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००६ मधला अभ्यास आहे, त्यात डिप्रेशन असलेल्या आयांवर उपचार केले, मुलांवर काही केलं नाही, तरी ज्या आया तीन महिन्यांत बऱ्या झाल्या त्यांच्या मुलांमधले त्रास पण कमी झालेले दिसले. म्हणजे आईने स्वतःसाठी डॉक्टरकडे जाणं हा स्वार्थ नाही. बापाने पण जावं, मी जातो. लाज वगैरे काही नाही, उलट वेटिंग रूममध्ये ओळखीचे निघतात.

अजून एक, कारण हे लिहायला लोक कचरतात. अशा घरात एखादा क्षण येतो जेव्हा आपला हात खरंच उठणार असतो, जोरात. त्या वेळी मुलाला जिथे लागणार नाही अशा जागी ठेवा, आजूबाजूच्या फेकण्यासारख्या, टोचण्यासारख्या वस्तू काढा, आणि दुसऱ्या मोठ्या माणसाला पुढे करून स्वतः खोलीबाहेर पडा. कोणी नसेल तर दाराबाहेर पाठ टेकून उभे राहा आणि कुणाला तरी फोन लावा. आमच्याकडे नवराबायकोत एक ठरलेली खूण आहे, ती केली की दुसऱ्याने काही न विचारता ताबा घ्यायचा आणि नंतरही त्यावरून टोमणा मारायचा नाही. मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला खरंच गंभीर इजा करेल असं वाटलं तर मात्र ट्रेनिंग-बिनिंग बाजूला, सरळ डॉक्टरकडे, त्याच दिवशी.

तर संपादक साहेब, मागणी एवढीच आहे. तुमच्या पुरवणीत मुलं आज्ञाधारक कशी होतील यावर दर महिन्याला काही ना काही येतं. त्याऐवजी एकदा तरी छापा की पालकांचं ट्रेनिंग कुठे मिळतं, कोण देतं, वेटिंग किती आहे, सरकारी दवाखान्यात आहे का, कामावरून सुटी न घेता संध्याकाळी जाता येतं का. अशी यादी आम्हाला पहिल्या वर्षी मिळाली असती तर आमची फार वणवण वाचली असती. आणि त्या काकांना माझा निरोप द्या, मी खरंच बोलावतोय, त्यांच्याकडे वेळ आहे असं त्यांनीच लिहिलंय. शनिवारी चार ते पाच आमच्याकडे या, मुलाला शिस्त लावायला नाही, धाकटीबरोबर पत्ते खेळायला. ती हरली की चिडते, तेवढं सांभाळून घ्या.

माझं नाव कृपया छापू नका. पोरगा आता सगळं वाचतो, आणि त्याच्या मोज्यांची गोष्ट त्याला न विचारता मी पेपरात दिली हे कळलं तर मला कारण द्यावं लागेल.

आपला,
एक वाचक